एक्केचाळीस नंबरची डिश

प्रयोगशाळेत माझ्या पाठीमागे मला शंकासुर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तोंडावर सगळे 'दादा' म्हणतात. मला राग येत नाही. पेशी वाढवणाऱ्या माणसानं विश्वास ठेवायचा तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा पुसून. कोणी बाटलीचं झाकण क्षणभर उलटं ठेवलं, कोणी हातमोजे न बदलता दुसऱ्या डिशला हात लावला, की संपलं. बुरशीचा एक कण, आणि सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात. सतरा वर्षांत माझ्या कपाटात बुरशी शिरलेली नाही. भल्या माणसासारखा सगळ्यांवर विश्वास टाकत बसलो असतो तर दर महिन्याला शिरली असती.

आम्ही पित्तनलिका वाढवतो. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी 'दवाखान्यात असतो' एवढंच सांगतो, कारण पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही. यकृत पित्त बनवतं आणि ते आतड्यापर्यंत पोचवायला यकृतात बारीक नळ्यांचं जाळं असतं. पोटातल्या बाळाचं यकृत घडत असतं तेव्हा त्या जागी आधी पेशींचा नुसता थर असतो. मग तो थर आतून मोकळा होत जातो आणि त्याची नळी होते. ती कशी होते, कुठे अडते, हे आईच्या पोटात डोकावून बघता येत नाही. म्हणून आम्ही डिशमध्ये बघतो. ऑपरेशनच्या वेळी काढलेला यकृताचा कण आमच्याकडे येतो. त्यातल्या नळीच्या पेशी सुट्या करायच्या, जेलच्या थेंबात बसवायच्या, वर गुलाबी मिडियम घालायचं (ते त्यांचं जेवण) आणि ऊब राखणाऱ्या कपाटात ठेवायच्या. निरोगी पेशी असल्या तर दोन आठवड्यांत त्यांचे पोकळ फुगे होतात, साबणाच्या बुडबुड्यांसारखे. काही बाळांच्या पेशींचे फुगे होतच नाहीत. नुसते भरीव गोळे होऊन बसतात.

शंभर गोळ्यांत पोकळ किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं असतं. मोजणाऱ्याला डिश कोणाची हे कळू नये म्हणून डिशवर फक्त नंबर, तोही चिठ्ठी उचलून दिलेला. कोणता नंबर कोणत्या बाळाचा, ते मॅडमच्या खणात, बंद पाकिटात. सहाव्या आठवड्यात सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. इतकी काळजी कोणालाही पुरली असती. मला पुरली नाही. चार वर्षांपूर्वी मी मॅडमना म्हणालो, "अधूनमधून एकाच बाळाच्या पेशी दोन नंबरांनी लावा. कोणाला सांगू नका, मलाही नाही. दोन्ही मोजण्या जुळल्या तर काम सचोटीचं. नाही जुळल्या, तर कोणीतरी लबाडी केली." मॅडमना ते पटलं. आम्ही त्याला 'जुळं लावणं' म्हणतो. पहिल्याच वर्षी एक संशोधक त्यात सापडला. पठ्ठ्या सूक्ष्मदर्शकात न बघताच आकडे लिहायचा. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो होतो.

मग आम्हाला ठमी झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी.

ठमी हे काही तिचं खरं नाव नाही, पण जन्मली तीच अशी ठसठशीत, गाल फुगवून, की दुसरं काही तोंडात येईना. तीन आठवड्यांची झाली तरी तिची कावीळ उतरेना. डोळे पिवळे, शी मात्र खडूसारखी पांढरी. बायको म्हणाली, "सगळे म्हणतात, उन्हात धरलं की जाईल." मला त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ लंगोट उघडल्या क्षणी कळला होता, पण मी गप्प बसलो. स्वतःच्या घरात मला पहिल्यांदाच माझी शंका खोटी ठरायला हवी होती.

ठरली नाही. डॉक्टर म्हणाले, "पित्तनलिका बंद आहेत." आणि मी हसलो. खरोखर मोठ्यानं हसलो. डॉक्टरांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांच्या नळ्या वाढवतोय, आणि माझ्या लेकीच्या बंद.

"कशामुळे झालं?" बायकोनं विचारलं.

"नक्की कारण कोणालाच माहीत नाही. आईनं हे खाल्लं, ते केलं, असं काही मनात आणू नका."

बायको तिथेच रडायला लागली. सुटका झाल्यासारखी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात म्हणालो, कारण माहीत नाही म्हणजे कारण नाही असं थोडंच आहे?

माझ्या डोक्यात तेव्हा एक बरणी होती. बायकोला पाचवा महिना असताना मला ती स्वयंपाकघरातल्या कपाटात, मागच्या रांगेत दिसली होती. जुनी मुरंब्याची बरणी, लेबल खरवडून काढलेलं, आत तपकिरी पूड. "पित्तावर घेते. मावशीनं दिलीय," बायको म्हणाली होती. मागच्या रांगेत का? लेबल का काढलं? तेव्हा मी सोडून दिलं. आता बरणी रिकामी होती, पण मी ती फेकू दिली नाही. फडताळात माझ्या जुन्या बुटांमागे ठेवली.

आणखीही एक होतं. दुसऱ्या महिन्यापासून ती माझे कपडे वेगळे धुवायला लागली होती. घरातले सगळे कपडे पांढऱ्या बादलीत, माझे निळ्या. दोरीवरही माझे शर्ट एका कडेला, बहिष्कार टाकल्यासारखे. मी कारण विचारलं नाही. ज्या बाईला नवऱ्याची किळस येते ती काय काय लपवत असेल, एवढाच विचार केला, आणि तो पुन्हा पुन्हा केला.

पित्ताला नवी वाट करून द्यायच्या ऑपरेशनच्या दिवशी दोन बाळं होती. सकाळी एक मुलगा, दुपारी आमची ठमी. मुलाचा बाप घरं रंगवायचं काम करायचा. नखांच्या कडेला पांढरा रंग बसलेला, आणि तो बाकावर बसून सारखा नखं खरवडत होता. त्याच्या हातात तोच कागद होता जो माझ्याही हातात होता: काढलेल्या तुकड्यातला कण संशोधनाला द्यायला हरकत नाही, खाली सही.

"भाऊ," तो म्हणाला, "हे काय करतात त्या तुकड्याचं? तुम्ही सही करणार?"

मी तिथेच काम करतो हे मला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर तो शंभर प्रश्न विचारत बसला असता. "मी केलीय," मी म्हणालो. "पण तुम्ही मात्र नीट वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका." असा सल्ला मी सगळ्यांनाच देतो.

मॅडमनी मला आधीच खोलीत बोलावून बजावलं होतं. "तुझ्या मुलीच्या पेशी आपल्याच कपाटात येणार. नंबर तुला कळायचा नाही. कळला तर त्याच दिवशी मला सांगायचं, मी तुला त्या कपाटावरून हलवीन. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो, आणि तिसऱ्याच दिवशी मला नंबर कळला.

त्यात काही फार अक्कल लागली नाही. मी कामावर परत आलो तर कपाटात दोन नव्या डिश होत्या, एक्केचाळीस आणि सेहेचाळीस. बाळं दोन, डिश दोन. सकाळच्या पाळीला आमच्याकडे डावरी असते. ती डाव्या हातानं लिहिते, तिचे आकडे हाताखाली पुसले जातात. दुपारी चष्मेवाली असते, तिचे आकडे छापल्यासारखे. सेहेचाळीसचा सहा पुसट होता. एक्केचाळीस स्वच्छ. म्हणजे सेहेचाळीस रंगाऱ्याचा मुलगा आणि एक्केचाळीस आमची ठमी. दोन अधिक दोन चार.

मॅडमना सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलोही. पण मग विचार आला, मी कपाटावरून हटलो तर तिला बघणार कोण? डावरी? जी मिडियमची बाटली हातात घेऊन गप्पा मारते? मी परत फिरलो.

त्या दिवसापासून माझी एक चोरटी नोकरी सुरू झाली. मिडियम दर तिसऱ्या दिवशी बदलायचं असतं. एक्केचाळीसचं मी रोज बदललं. तिची डिश मधल्या फळीवर, अगदी मागे सरकवली, जिथे दार कितीही उघडलं तरी ऊब हलत नाही. सकाळी आल्याबरोबर तिला बघायचं, जेवणाआधी बघायचं, निघताना बघायचं. एकदा तर मी हूडमध्ये, म्हणजे डिश उघडायच्या काचेच्या पेटीत, तोंड घालून तिच्याशी बोललो. काय बोललो ते सांगत नाही.

आणि सेहेचाळीस? तिच्यावर माझा पहिल्या दिवसापासून राग होता. रंगाऱ्याच्या घरातलं लेकरू. थिनरचा वास, रंगाची धूळ, काय काय आईच्या पोटात गेलं असेल कोणास ठाऊक. ऑपरेशनच्या खोलीतून निर्जंतुक नळीत आलेल्या पेशी, त्यांच्यात बाहेरचं काही नसतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तरी ती डिश एक्केचाळीसशेजारी बघवेना. आपल्या डिशला काही लागायला नको म्हणून मी ती उचलली आणि सर्वांत खालच्या फळीवर, दाराशी ठेवली. कपाट दिवसातून तीस वेळा उघडतं, तीस वेळा तिथे गार हवा जाते. नियमात ते बसत होतं, फळी कोणती असावी हे कुठे लिहिलेलं नाही.

बाराव्या दिवशी एक्केचाळीसमध्ये पहिला फुगा दिसला. पेशींच्या भिंतीची बारीक, चमकदार कड, आणि आत पोकळी. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, काच पुसली, पुन्हा बघितलं. विसाव्या दिवसापर्यंत डिश फुग्यांनी भरली होती. एक-दोघांना तर फाटे फुटत होते. सेहेचाळीसमध्ये गोळे, डाळीच्या दाण्यांसारखे घट्ट. 'गरीब बिचारा रंगारी,' असं मी मनाशी म्हणालो. खोटं कशाला सांगू, त्यात थोडा आनंदही होता.

आता माझ्या डोक्यातलं यंत्र ऐका. ठमीच्या पेशी माझ्या हाताखाली पोकळ होतात. म्हणजे नळी कशी करायची हे त्यांना येतं. म्हणजे त्यांच्यात जन्मतः खोट नाही. मग पोटात का झाली नाही? कारण बाहेरून काहीतरी आलं. आणि पोटातल्या बाळाला बाहेर म्हणजे कोण? आई. आईनं काय घेतलं? माझ्या जुन्या बुटांमागे बरणी होती.

रविवारची दुपार होती. ठमी दूध पिऊन झोपली होती. बायको टेबलाशी बसून औषधाच्या बारीक पिचकाऱ्या गरम पाण्यातून काढत होती. मी बरणी तिच्यासमोर ठेवली.

"यात काय होतं?"

तिनं बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही कुठे सापडली तुला? मी शोधत होते."

"काय होतं?"

"सुंठ, बडीशेप, खडीसाखर. पित्तावर. सांगितलं होतं तुला."

"तेव्हा तुझ्या डॉक्टरबाईंना विचारलं होतंस?"

"दाखवली होती. घ्या म्हणाल्या."

"कधी? कागदावर लिहिलंय त्यांनी? लेबल का काढलं होतं?"

तिनं पिचकारी फडक्यावर ठेवली. "मुरंब्याचं लेबल होतं रे ते. तू काय म्हणतोयस ते सरळ म्हण."

मी म्हणालो. शास्त्रीय भाषेत म्हणालो, म्हणजे जास्तच वाईट. "तिच्या पेशी चांगल्या आहेत. मी रोज बघतोय. त्यांच्यात खोट नाही. खोट बाहेरून आली."

"बाहेरून म्हणजे माझ्यातून."

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी बोललेल्या एकाही शब्दाची वाटत नाही.

तिनं खुर्ची टेबलापासून मागे सरकवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझे कपडे मी कुठल्या बादलीत धुते?"

"निळ्या."

"बाकीचे?"

"पांढऱ्या."

"कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"बघ, महिनासुद्धा पाठ आहे. का, ते एकदा तरी विचारलंस?" तिनं टेबलावरचं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "तुझ्या शर्टाच्या बाह्यांना वास यायचा. गोडसर, डोक्यात जाणारा. तूच सांगायचास ना, कुठल्या बाटलीवर कवटी आहे, कुठला थेंब अंगावर पडला तर काय होतं. फुशारक्या मारायचास जेवताना. मला वाटायचं, त्यातलं काहीतरी बाह्यांवर बसून घरी येत असेल. म्हणून वेगळी बादली. हातमोजे घालून धुवायचे मी. ठमी पिवळी झाली तेव्हा तर माझी खात्रीच पटली. तीन दिवस मला तुझ्याकडे बघवेना. मग डॉक्टर म्हणाले, कारण कोणालाच माहीत नाही. म्हटलं, झालं तर मग. गिळलं मी ते. तुझा शर्ट आणून टेबलावर ठेवला नाही."

डॉक्टरांच्या त्या एका वाक्यानं तिची शंका मिटली होती आणि माझी सुरू झाली होती. वाक्य तेच होतं.

"मी बहिणीकडे जाते," ती म्हणाली. "पुढच्या तपासणीपर्यंत. भांडून जात नाहीये. पण उद्या हिला ताप आला, तर तू आधी थर्मामीटर बघणार नाहीस, माझे हात बघशील. ते मला सोसायचं नाही." संध्याकाळच्या आत ती गेली. रिकामी बरणी टेबलावर राहिली.

मला तेव्हाही पूर्ण पश्चात्ताप झाला नव्हता, हे सांगायला हवं. वाईट वाटत होतं, घर खायला उठत होतं, पण आत कुठेतरी एक्केचाळीस नंबर घट्ट बसला होता. मी क्रूर असेन, पण बरोबर आहे. पाकीट फुटू दे, आकडे बाहेर येऊ देत, मग मी तिला समजावीन. असा मी तीन आठवडे एकट्यानं जेवलो.

पाकीट फोडायच्या दिवशी लांब टेबलाभोवती आम्ही पाचजण होतो. मोजणी चष्मेवालीनं केली होती. मॅडमनी कात्रीनं पाकीट कापलं, यादी काढली, आणि एकेक नंबर वाचायला लागल्या. अठ्ठावीस, तेहेतीस, सदतीस. सगळं ठीक.

"एक्केचाळीस. मुलगी, त्रेपन्न दिवसांची. मोजणी?"

"शंभरात अठ्ठ्याहत्तर पोकळ," चष्मेवाली म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तर?" मॅडमनी भुवई वर केली. "छान. चव्वेचाळीस..." ते झालं. "सेहेचाळीस." इथे त्या थांबल्या. "मोजणी सांग आधी."

"शंभरात अकरा."

मॅडमनी यादी खाली ठेवली. "सेहेचाळीस, मुलगी, त्रेपन्न दिवसांची. हे जुळं आहे."

खोलीत सगळ्यांच्या माना चष्मेवालीकडे वळल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला. एकाच बाळाच्या पेशी. एकीकडे अठ्ठ्याहत्तर, दुसरीकडे अकरा. जुळ्यात सापडलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे तिला माहीत होतं, कारण ती गोष्ट मीच प्रत्येक नव्या माणसाला चवीनं सांगतो. "मी दोन्ही नीट मोजल्यात, मॅडम," ती म्हणाली. "दोनदा मोजल्यात."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ते दुसरं बाळ?"

"कुठलं दुसरं बाळ?" मॅडम म्हणाल्या.

"त्या दिवशीचं. सकाळचं. त्याचा नंबर कोणता?"

मॅडमनी माझ्याकडे इतक्या सावकाश बघितलं की मी काय बोलून बसलो ते मला त्यांच्या डोळ्यांतून कळत गेलं. "त्या दिवशी एकच सही आली होती," त्या म्हणाल्या. "सकाळच्या मुलाच्या वडिलांनी दिली नाही. त्यांना म्हणे बाकावर कोणीतरी सांगितलं, नीट वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. त्यांना एवढं वाचता येत नव्हतं. विचारायचा संकोच वाटला. त्या दिवशी डावरी उशिरापर्यंत थांबली होती, म्हणून तुझ्या मुलीच्या पेशी मी कोणाच्या ते न सांगता दोघींकडून अर्ध्या अर्ध्या लावून घेतल्या. पण दोन डिश म्हणजे दोन बाळं, हे तू कशावरून धरलंस?"

चष्मेवाली वहीची पानं उलटून दोन्ही आकडे पुन्हा तपासत होती. एक क्षण मी गप्प बसू शकलो असतो. गप्प बसण्याचा मला सराव होता. पण त्या पोरीकडे बघून मला टेबलाशी बसलेली, फडक्याची घडी घालणारी बायको दिसली.

"तिनं नीट मोजलंय," मी म्हणालो. "लबाडी मी केली."

मी सगळं सांगितलं. रोजचं मिडियम, मधली फळी, दाराशी ठेवलेली सेहेचाळीस. सांगताना माझा आवाज शेवटच्या शब्दावर फुटला, कारण तो शब्द बोलेपर्यंत मला नीट कळलंच नव्हतं. दाराशी मी जिला ठेवलं होतं ती ठमीच होती. रंगाऱ्याच्या लेकराची अर्धी डिशसुद्धा त्या कपाटात नव्हती. माझीच लेक एका हातानं मी उबेत ठेवली आणि दुसऱ्या हातानं गार हवेत.

मी विचारू नये ते विचारलं. "मग खरी कोणती? एक्केचाळीस की सेहेचाळीस?"

"एक्केचाळीसचे लाड तू केलेस," मॅडम म्हणाल्या. "सेहेचाळीसला छळलंस तूच. तिच्या पेशींचं स्वतःचं काय म्हणणं होतं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही रद्द." मग यादी पाकिटात परत घालत म्हणाल्या, "आणि समज, अठ्ठ्याहत्तर खरे निघाले असते, तरी त्यावरून काय ठरवणार होतास तू?" त्यांना बरणीची गोष्ट ठाऊक नव्हती, पण त्या सतरा वर्षं मला ओळखतात. दुसऱ्या दिवसापासून मला काचसामान धुवायच्या खोलीत पाठवलं. योग्यच केलं.

त्या संध्याकाळी मी मेहुणीच्या घरी गेलो. तिसरा मजला, जिना अरुंद, कठड्यावर कोणाच्या तरी सायकलीचं चाक अडकवलेलं. दार मेहुणीनं उघडलं. "भावोजी, आधी हात धुवा. कोपरापर्यंत," एवढंच म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

बायको आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. ठमी तिच्या मांडीवर, मूठ तोंडात घालायच्या प्रयत्नात. डोळ्यांतला पिवळा रंग मला आधीपेक्षा फिका वाटला, पण मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हतो.

"शी पिवळी व्हायला लागलीय," बायको म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी काही सांगता येणार नाही. शीचा रंग ताडून बघायचं कार्ड पिशवीत आहे. लावून बघ हवं तर."

"नको," मी म्हणालो. "तू बघितलंस ना."

मग मी तिला सांगितलं. पहिल्या पुसट सहापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, काही न गाळता. रंगाऱ्याबद्दल मला वाटलेला तो थोडा आनंदही. ती ऐकत होती. रागावली नाही, रडलीही नाही. ठमीच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून बसली होती. मी माफी मागितली तेव्हा तिनं ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही.

मग तिनं विचारलं, "ती दुसरी. दाराशी ठेवलेली. तिला तिथे गार लागत असेल ना रे?"

पेशींना गार लागणं म्हणजे काय, हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. "हो," मी म्हणालो.

तिनं ठमीला उचलून माझ्याकडे दिलं. तीन आठवड्यांत पोरगी जड झाली होती. मी तिला खांद्याला लावलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तिनं ढेकर देता देता माझ्या बाहीवर, खांद्यावर, सगळीकडे दूध ओकलं. मेहुणी दारातून हसली.

"काढ तो शर्ट," बायको म्हणाली. "धुवून टाकते."

मी एका हातानं पोरगी सांभाळत, दुसऱ्यानं गुंड्या काढत शर्ट उतरवला. मोरीच्या दाराशी दोन बादल्या होत्या. एकीत ठमीची झबली भिजत घातलेली, दुसरी रिकामी. ती शर्ट हातात घेऊन दोन्हींच्या मध्ये उभी राहिली.

"वेगळाच टाक," मी म्हणालो.

"वेगळाच टाकणार आहे," ती म्हणाली.